विल्यम लिव्हर : मालकाचा उपकार आणि माणसाचा हक्क

माझा बाप मुंबईहून गावी यायचा तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत लाल साबणाच्या दोन वड्या हमखास असत. माय एक वडी घेऊन उंबऱ्यात बसायची, शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरायची आणि वडीचे चार तुकडे करायची. एक तुकडा आम्हां पोरांना, एक चुलतीला आणि दोन देवळीत जपून ठेवलेले. शाळेत गुरुजी सांगत, साबण लावून आंघोळ करून येत जा. आम्ही तशी आंघोळ करून जात असू. अंगाला त्या साबणाचा कडक, औषधी वास येई. पण त्या वासाच्या जोरावर शाळेतल्या माठाला हात लावायची परवानगी काही मिळाली नाही. पाणी वरूनच ओंजळीत पडायचे.

पुष्कळ वर्षांनी हा साबण ज्याच्या कारखान्यातून जगभर गेला, त्या विल्यम हेस्केथ लिव्हर या इंग्रज कारखानदाराची हकिगत माझ्या वाचनात आली. सुरुवातीलाच मी थबकलो. बापाच्या किराणा दुकानात सोळा वर्षांचा एक पोरगा साबणाच्या लांबलचक कांबी कापतो आहे आणि तुकडे कागदात गुंडाळतो आहे, असे तिथे लिहिले होते. मला माझी माय आठवली. साबण कापणाऱ्या त्या पोराचा पुढे लॉर्ड झाला. साबण कापणारी माझी माय होती तिथेच राहिली. या दोन टोकांमध्ये काय काय घडले ते मी शोधत गेलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

मांडण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. मालक म्हटला की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक रक्तपिपासू मालकाचे आणि दुसरे अन्नदात्या मालकाचे. लिव्हर यांपैकी कुठल्याच चौकटीत बसत नाही. तो खरोखरच भला माणूस होता आणि त्याच भलेपणाने त्याने माणसांना बांधून ठेवले. वाईट मालकाशी कसे लढावे हे आपल्याला शिकवले गेले आहे. भल्या मालकाशी कसे वागावे हे फारसे कुणी शिकवलेले नाही.

१

लिव्हरचा जन्म १९ सप्टेंबर १८५१ रोजी लँकेशायरमधल्या बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावात झाला. बाप किराणा व्यापारी. घर काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे. कष्ट, काटकसर, वेळेचा हिशोब आणि दारूपासून दूर राहणे, ही या घरांची शिकवण. सोळाव्या वर्षी पोरगा दुकानात आला आणि एकविसाव्या वर्षी भागीदार झाला.

त्या काळी साबण दुकानात निनावी येई. लांब कांब यायची आणि गिऱ्हाईक मागेल तेवढा तुकडा दुकानदार कापून वजन करून देई. लिव्हरने ओळखले की निनावी वस्तूला नाव दिले तर तिची किंमत वाढते. १८८४ मध्ये त्याने 'सनलाइट' हे नाव नोंदवून घेतले. १८८५ मध्ये धाकटा भाऊ जेम्स याच्यासह वॉरिंग्टन येथला एक साबणाचा कारखाना भाड्याने घेतला. जनावरांच्या चरबीवर भर न देता खोबरेल, सरकीचे तेल, पाम तेल अशी वनस्पतींची तेले वापरून त्याने साबण काढला. त्याला फेस चांगला येई. ठराविक वजनाची वडी, तिच्यावर छापील वेष्टन आणि वेष्टनावर नाव, असा हा माल होता. १८८८ पर्यंत त्या कारखान्यातून आठवड्याला ४५० टन साबण बाहेर पडू लागला.

हा साबण श्रीमंतांसाठी नव्हता. गिरणीकामगाराच्या बायकोसाठी होता. तिच्या हातांची सालपटे निघतात, कपडे बडवून बडवून तिची कंबर मोडते, हे लिव्हरने दुकानाच्या फळीवरून पाहिले होते. बाई पुरुषाच्या आधी म्हातारी का दिसते, अशा अर्थाचा सवाल त्याने जाहिरातीत टाकला. तो सवाल त्याने अमेरिकेतल्या एका साबणवाल्याकडून विकत घेतला होता. पण सवाल खोटा नव्हता. गरीब बाईचे दुःख त्याला कळत होते आणि त्या दुःखाचे गिऱ्हाईक कसे करायचे हेही त्याला कळत होते. या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत वेगळ्या झाल्या नाहीत.

२

वॉरिंग्टनची जागा अपुरी पडू लागली तेव्हा मर्सी नदीच्या अलीकडे, चेशायरमध्ये त्याने छप्पन्न एकर दलदलीची जमीन घेतली. चोवीस एकर कारखान्याला आणि बत्तीस एकर कामगारांच्या गावाला. ३ मार्च १८८८ रोजी त्याच्या बायकोच्या हस्ते पहिली कुदळ पडली. गावाचे नाव ठेवले पोर्ट सनलाइट. साबणाच्या नावावरून वसलेले हे गाव. १९१४ पर्यंत तिथे सुमारे आठशे घरे उभी राहिली. घरांचे नमुने एकसारखे नसावेत म्हणून जवळजवळ तीस वास्तुशिल्पी लावले. शाळा, दवाखाना, सभागृह, पोहण्याचा तलाव, चर्च, बागा सगळे होते. त्या काळच्या लिव्हरपूल-मँचेस्टरमधल्या अंधाऱ्या, ओल्या खोल्यांत माणसे कोंबून राहत होती. त्यांच्या तुलनेत हे गाव म्हणजे स्वप्न होते, हे मान्य करायलाच हवे.

पण स्वप्न कुणाच्या मालकीचे होते? नफ्याची सरळ वाटणी कामगारांत करायला लिव्हरचा विरोध होता. त्याचे म्हणणे असे की, रोख पैसा हातात दिला तर तो दारूच्या बाटलीत, मुलांच्या मिठाईत नाहीतर नाताळच्या मेजवानीत जाईल. त्यापेक्षा तो माझ्याकडेच राहू द्या, मी त्याची तुमच्यासाठी चांगली घरे बांधतो. याला तो समृद्धीची वाटणी म्हणे. वाक्य गोड आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की, पैसा तुम्ही कमावला आहे हे मला मान्य आहे, मात्र तो कसा खर्चावा हे ठरवण्याची अक्कल तुम्हांला नाही. हे वाक्य आपण निराळ्या तोंडांतून कितीदा ऐकले आहे! यांना पैसे दिले तर दारू पितील, यांना जमीन दिली तर विकून टाकतील.

घरासमोरच्या बागांची गोष्ट तर मासलेवाईक आहे. काही भाडेकरूंनी समोरच्या बागेत कोंबड्या पाळल्या आणि कठड्यावर धुणे वाळत घातले. गावाची शोभा जाते म्हणून कंपनीने समोरच्या बागा आपल्या ताब्यात घेतल्या. तेव्हापासून त्या कंपनीचे माळी राखू लागले. साबणाच्या गावात साबणाने धुतलेले कपडे दारात वाळत घालायची सोय उरली नाही! स्वच्छता दिसली पाहिजे, पण स्वच्छता करणाऱ्या बाईचे काम मात्र दिसता कामा नये.

१९०९ मध्ये लिव्हरने भागीदारीची योजना आणली. कामगारांना प्रमाणपत्रे मिळू लागली आणि त्यांवर लाभांशही मिळू लागला. पण प्रमाणपत्र घेताना वेळ, श्रम आणि माल वाया घालवणार नाही, कंपनीशी निष्ठेने वागेन, असे लिहून द्यावे लागे. ते विकता येत नसे आणि गैरवर्तन केले तर रद्द होई. म्हणजे त्याला भागीदारी म्हटले तरी तिच्यात मालकी नव्हती. वागणूक चांगली असेपर्यंत चालू राहणारी ती मेहेरबानी होती. नोकरी गेली की घर जाई आणि घर गेले की मुलांची शाळाही जाई. १९१९ मध्ये बोल्टनच्या एका इंजिनिअर संघटनेच्या चिटणिसाने लिव्हरला पत्र लिहून कळवले की, स्वतंत्र वृत्तीचा माणूस तुमच्या गावच्या हवेत फार काळ श्वास घेऊ शकणार नाही. सुंदर घरांत राहणाऱ्या लोकांविषयी एका कामगाराने हे लिहावे, याचा विचार केला पाहिजे.

एक गोष्ट मात्र लिव्हरच्या बाजूने सांगितली पाहिजे. गावातल्या खाणावळीत दारू विकायची की नाही हा प्रश्न आला तेव्हा, स्वतः दारूविरोधी असूनही त्याने मतदान घेतले. त्यात बायकांनाही मत दिले आणि तेही १९०२ साली, म्हणजे इंग्लंडमध्ये पार्लमेंटच्या निवडणुकीत बायकांना मत नसताना. ऐंशी टक्क्यांहून अधिक मते दारूच्या बाजूने पडली आणि लिव्हरने तो कौल मानला. लोकांना विचारले तर लोक ठरवू शकतात, हे त्याला दिसले होते. पण नफ्याबद्दल त्याने असे मतदान कधी घेतले नाही.

३

आता त्याच्या राजकारणाकडे येऊ. लिव्हर लिबरल पक्षाचा, ग्लॅडस्टनचा भक्त. १८९२, १८९४ आणि १८९५ साली तो बर्कनहेडमधून उभा राहिला आणि तिन्ही वेळा पडला. १९०० मध्ये विरलमधूनही पडला. पण दुकानदाराची चिकाटी होती. १९०६ मध्ये लिबरलांची लाट आली तेव्हा विरलमधूनच तो पार्लमेंटमध्ये गेला. वय चोपन्न.

पार्लमेंटमधल्या पहिल्याच भाषणात त्याने म्हाताऱ्या कामगारांच्या पेन्शनचा प्रश्न घेतला. मी माझ्या कामगारांना पेन्शन देतो, मग सरकारने सगळ्या देशातल्या वृद्धांना का देऊ नये, असा त्याचा रोख होता. पुढे १९०८ साली म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. कायदा झाला तो एकट्या लिव्हरमुळे नव्हे. कामगार संघटनांनी आणि समाजसुधारकांनी त्यासाठी अनेक वर्षे घालवली होती. पण या मागणीच्या बाजूने एक मोठा कारखानदार उभा राहिला, ही गोष्ट लहान नाही.

माझ्या मते लिव्हरच्या आयुष्यातले हे सर्वांत चांगले काम. आणि गंमत अशी की, हे काम त्याच्या स्वतःच्या तत्त्वाच्या विरुद्ध जाणारे आहे. पोर्ट सनलाइटमध्ये तो देणारा होता आणि कामगार घेणारे होते. पेन्शनच्या कायद्यात देणारा दिसतच नाही. म्हातारी बाई टपालकचेरीत जाते, आपले पुस्तक दाखवते आणि पाच शिलिंग घेऊन घरी येते. कुणाला सलाम करावा लागत नाही, कुणाच्या बागेची शोभा राखावी लागत नाही. या कायद्यातही खोटी होत्या. गरीबखान्याची मदत घेतलेल्यांना आरंभी त्यातून वगळले होते. पण कायद्यातली अट कायद्याने काढता येते, आणि ती १९११ मध्ये निघाली. मालकाच्या मनातली अट काढायची तर कुठल्या सभागृहात जायचे?

पार्लमेंटात असतानाच त्याच्यावर एक बालंट आले. १९०६ मध्ये साबण कारखानदारांनी एकत्र येऊन संघ करायचा घाट घातला. लिव्हर त्यात पुढे होता. त्याच सुमारास कच्चा माल महागला म्हणून त्याने पौंडाची वडी सोळा औंसांची पंधरा औंसांवर आणली. किंमत तीच राहिली. 'डेली मेल'ने आणि त्या मालकाच्या इतर पत्रांनी संघावर झोड उठवली. गरिबांच्या तोंडचा घास काढणारा साबणसंघ, असे चित्र रंगवले. साबणाचा खप घसरला आणि संघ मोडला. लिव्हरने बदनामीचा दावा लावला. १९०७ मध्ये लिव्हरपूलच्या कोर्टात एडवर्ड कार्सन हा नामांकित वकील त्याच्या बाजूने उभा राहिला आणि पत्राने पन्नास हजार पौंड देऊन तडजोड केली. इतर पत्रांकडूनही पैसे आले. त्यातला मोठा वाटा लिव्हरने लिव्हरपूल विद्यापीठाला दिला आणि त्यातून नगररचनेचे शिक्षण सुरू झाले. पुन्हा तेच झाले. पैसा त्याने स्वतःवर उडवला नाही, तो लोकांच्या कामी लावला. पण एका औंसाने हलकी झालेली वडी ज्या बायांनी विकत घेतली होती, त्यांना कुणी काही विचारले नाही.

जानेवारी १९१० च्या निवडणुकीपर्यंत तो पार्लमेंटात होता. मग खालच्या सभागृहाचा नाद सोडून तो पुन्हा धंद्याकडे वळला. १९११ मध्ये बॅरोनेट झाला. १९१७ मध्ये लॉर्ड झाला तेव्हा बायकोचे माहेरचे नाव हुल्म आपल्या नावाला जोडून 'लिव्हरहुल्म' झाला. ती १९१३ मध्येच वारली होती. दुसऱ्यांच्या जातकुळीवर आपल्याकडे एवढा काथ्याकूट होतो, म्हणून किराणा दुकानदाराच्या पोराची ही चढण मला महत्त्वाची वाटते. तिथे पैशाने कुळ मिळवता येत होते. आपल्याकडे पैशानेही मिळत नाही.

४

पण साबणासाठी तेल लागते. ते तेल कुठून यायचे? इथे त्या हसऱ्या गावाची मागची बाजू दिसू लागते.

पाम तेलासाठी लिव्हरला आफ्रिकेत जमीन हवी होती. नायजेरियासारख्या ब्रिटिश वसाहतींत त्याला मोठे मळे करू दिले गेले नाहीत. तिथले शेतकरीच तेल काढत होते आणि तीच पद्धत राहू द्यावी असे वसाहत खात्याचे धोरण होते. तेव्हा तो बेल्जियमकडे वळला. राजा लिओपोल्डच्या खाजगी राज्यात काँगोच्या लोकांचा रबरासाठी जो छळ झाला त्याने जग हादरले होते, आणि १९०८ मध्ये बेल्जियमने तो मुलूख राजाकडून काढून घेतला होता. नव्या सरकारला अब्रू सावरायची होती. कामगारांसाठी आदर्श गाव वसवणारा इंग्रज त्यांना सोयीचा वाटला. १४ एप्रिल १९११ रोजी करार झाला. साठ किलोमीटर त्रिज्येची पाच वर्तुळे नकाशावर आखली गेली आणि त्यांतून साडेसात लाख हेक्टरपर्यंत जमीन कंपनीला मिळायची होती. दिवसाला किमान पंचवीस सेंटिम मजुरी, दवाखाने आणि शाळा हेही करारात होते. लुसांगा या ठिकाणाचे नाव लिव्हरविल झाले. काँगोच्या तेलाची साबणाची पहिली वडी १९१२ मध्ये कोरीव हस्तिदंती पेटीत घालून बेल्जियमच्या राजाला नजर केली गेली.

त्या वर्तुळांत माणसे राहत होती. पामची झाडे त्यांच्या बापजाद्यांपासूनची होती. आता फळे एकाच कंपनीला, कंपनी ठरवील त्या भावात द्यायची. पामच्या उंच बुंध्यावर कमरेला पट्टा बांधून चढायचे आणि कोयत्याने घड तोडायचा. पाय घसरला तर माणूस जायबंदी झालाच म्हणून समजावे. आपखुशीने या कामाला कोण येणार? मग सरकारने रोख कर बसवला. कर भरायचा तर मजुरी करायलाच हवी. टोळीप्रमुखांना माणसे पुरवायचा हुकूम झाला आणि गरज पडली तिथे शिपाई गेले. बेल्जियमचेच एक माजी राजनैतिक अधिकारी ज्यूल्स मार्शल यांनी सरकारी कागदपत्रे धुंडाळून ही सक्तमजुरी पुढे पुस्तकात मांडली. १९३१ मध्ये, लिव्हरच्या मरणानंतर सहा वर्षांनी, मंदीमुळे फळांचे भाव कोसळले आणि कर मात्र तसाच राहिला, तेव्हा क्वांगो भागातले पेंडे लोक उठले. मॅक्सिमिलियन बालो हा बेल्जियन अधिकारी मारला गेला. ते बंड मोडताना पाचशेहून अधिक पेंडे मारले गेले.

लिव्हर दोनदा काँगोत जाऊन आला. दवाखाने त्याने बांधले, शाळाही काढल्या. आपण इथल्या माणसाचे भले करत आहोत अशी त्याची खरोखरच समजूत होती. मला हाच भाग भयंकर वाटतो. पोर्ट सनलाइटचे तत्त्व आणि लिव्हरविलचे तत्त्व निराळे नव्हते. तुमचे भले कशात आहे ते मला कळते, तुम्हांला कळत नाही, हेच ते तत्त्व. इंग्लंडमध्ये कामगाराच्या हातात मत होते, संघटना होती, वर्तमानपत्र होते. म्हणून तिथे या तत्त्वाची बाग झाली. काँगोच्या माणसाच्या हातात काहीच नव्हते. तिथे त्याच तत्त्वाचा शिपाई झाला. मालकाचा चांगुलपणा किती चांगला ठरणार, हे समोरच्या माणसाच्या ताकदीवर ठरते.

५

या माणसाला खरा नकार मिळाला तो स्कॉटलंडच्या वायव्येला, ल्यूइस नावाच्या वाऱ्यापावसाच्या बेटावर. मे १९१८ मध्ये त्याने ते अख्खे बेट विकत घेतले आणि पुढल्या वर्षी शेजारचे हॅरिसही घेतले. मासेमारीची बोटी-गोदामे, डबाबंद माशांचा कारखाना, रस्ते, वीज असा त्याचा मोठा बेत होता. स्टोर्नोवे हे तिथले बंदर मोठे शहर होईल असे तो म्हणे.

बेटावरचे लोक म्हणजे गेलिक बोलणारे कूळ शेतकरी. दगडाच्या बुटक्या घरांत राहणारे, तुकड्यातुकड्यांच्या जमिनीवर जगणारे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या या भागात मेंढ्यांच्या मोठ्या मळ्यांसाठी माणसांना जमिनीवरून हुसकून लावले होते, ती आठवण ताजी होती. महायुद्धात या बेटाचे सुमारे हजार पुरुष मेले. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे लढाईवरून परतणाऱ्यांची 'आयोलेर' ही बोट बंदराच्या तोंडाशी, घराच्या दिव्यांच्या टप्प्यात फुटली आणि दोनशेहून अधिक माणसे बुडाली. जे जिवंत परतले त्यांना युद्धाच्या काळात जमिनीचा शब्द मिळाला होता. तो त्यांनी मागितला. लिव्हरला मात्र कोल आणि ग्रेस हे मळे फोडायचे नव्हते, कारण त्याच्या होणाऱ्या शहराला दूध लागणार होते. तेव्हा माजी सैनिक त्या मळ्यांत घुसले. त्यांनी खुंट्या ठोकून वाटे पाडले आणि गुरे सोडली.

मार्च १९१९ मध्ये ग्रेसच्या पुलाजवळ लिव्हर त्यांना स्वतः भेटायला गेला. पोलीस पाठवले नाहीत, स्वतः गेला, हे त्याचे मोठेपण. हजारभर लोकांपुढे एका पिंपावर उभा राहून त्याने आपले स्वप्न सांगितले. भाषण इतके बहारीचे झाले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे हजर असलेल्या एका शेतकी अधिकाऱ्याने पुढे त्याचे वर्णन लिहिले आहे. लोक विरघळत आहेत असे दिसताच गर्दीतला एकजण गेलिकमध्ये ओरडला की, हा मधाळ तोंडाचा माणूस काळ्याचे पांढरे करील; आमचा प्रश्न एवढाच आहे की जमीन देणार की नाही? मग दुसरा एक शांतपणे इंग्रजीत बोलला. त्याचे सांगणे असे की, साहेबांशी आमचे वैर नाही, ते भले आहेत, त्यांचा कारखानाही होऊ द्या. पण त्यांनी बेट विकत घेतले आहे, आम्हांला नाही. ज्याला भोंग्यावर उठायचे आहे त्याने उठावे. आम्हांला आमच्या तुकड्यावर, गरिबीत का होईना, स्वतःच्या मर्जीने जगायचे आहे.

लिव्हरला हे कधीच कळले नाही. आपण एवढे देत असताना ही माणसे दगडांची शेती का मागतात? विकत घेतलेल्या वस्तूवर आपला पूर्ण हक्क, ही त्याची पक्की धारणा होती. १९२० मध्ये ऑगस्टस जॉन या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. ते तिजोरीत मावेना म्हणून त्याने चेहऱ्याचा भाग कापून तिजोरीत ठेवला. उरलेले चित्र घरातल्या नोकरांच्या चुकीने खोक्यातून चित्रकाराकडेच परत गेले. केवढा गहजब झाला! लंडनच्या कलाविद्यार्थ्यांनी मुंडके नसलेल्या पुतळ्याची मिरवणूक काढली, इटलीत कलावंतांनी काम बंद ठेवले. पैसे मोजले म्हणजे कापायचाही हक्क मिळतो का, हा चित्रकाराचा प्रश्न आणि ग्रेसच्या पुलावरच्या शेतकऱ्याचा प्रश्न एकच होता.

धंद्यातही मंदी आली आणि १९२३ मध्ये लिव्हरने ल्यूइस सोडले. जाताना ते बेट त्याने लोकांनाच बक्षीस म्हणून देऊ केले. स्टोर्नोवे भागाने ते घेतले आणि लोकांनी निवडलेल्या विश्वस्तांच्या हाती कारभार दिला. खेड्यांतल्या कुळांनी, अंगावर येणाऱ्या करांचा हिशोब करून, नाही म्हटले. नकाराची किंमत पडली नाही असे नाही. कामधंदा नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'मेटागामा' या एका बोटीने सुमारे तीनशे तरुण माणसे कॅनडाला निघून गेली. स्वातंत्र्य निवडले की भाकरी आपोआप मिळत नाही, हेही या इतिहासाने सांगितले आहे. ते लपवून चालणार नाही.

लिव्हर ७ मे १९२५ रोजी न्यूमोनियाने लंडनमध्ये वारला. नुकताच आफ्रिकेहून परतला होता. पोर्ट सनलाइटच्या चर्चपाशी त्याला पुरले आणि अंत्ययात्रेला हजारोंनी लोक आले. ते अश्रू खोटे नसणार.

६

आपल्याकडे सनलाइटच्या पेट्या १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. १८९५ पासून लाइफबॉय आला. कंपनीने १९३४ मध्ये मुंबईत शिवडीला साबणाचा कारखाना घातला, तेव्हा लिव्हरला जाऊन नऊ वर्षे झाली होती. लाल वडी गावोगाव गेली आणि माझ्या बापाच्या पेटीपर्यंत पोचली. त्या वडीने रोगराई कमी केली असेल, मी नाकारत नाही. पण तिच्याबरोबर एक शिकवणही आली की, माणूस मळका आहे म्हणून खालचा आहे, धुतला की वर येईल. आमच्या बाबतीत ते उलटे होते. आम्हांला मळके ठेवणारे पाणी दुसऱ्यांच्या ताब्यात होते. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसे प्याली. त्यानंतर ते तळे गाईच्या शेणामुताने 'शुद्ध' केले गेले. ज्या समाजात शेणाने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या स्पर्शाने बाटते, तिथे साबण काय करणार?

शेवटी माझ्या बापाची एक गोष्ट सांगतो. त्याला गिरणीच्या चाळीत खोली मिळाली होती. दहा बाय बाराची. पण नळाचे पाणी, डोक्यावर पक्के छप्पर. गावी आला की तो खोलीचे वर्णन करताना थकत नसे. मालकही वाईट नव्हता. दिवाळीला मिठाईचा पुडा येई. मग एकदा संप झाला. चौथ्या की पाचव्या दिवशी निरोप आला की, कामावर या, नाहीतर खोली रिकामी करा. बाप कामावर गेला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि पुढे कित्येक दिवस चाळीच्या जिन्यात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. हे मायने मला त्याच्या मरणानंतर सांगितले. त्याने स्वतः कधी सांगितले नाही.

बोल्टनच्या त्या चिटणिसाचे पत्र वाचले तेव्हा मला प्रथम बापाचा राग गेला. तोवर मी मनात त्याला संपफोड्या म्हणत होतो. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर मालकाचे असते त्याची मानही मालकाचीच असते, आणि यात त्या माणसाचा दोष फार थोडा असतो. दोष असतो तो छपराचा हक्क न मागता छपराबद्दल आभार मानायला शिकवणाऱ्या व्यवस्थेचा.

आज ल्यूइस आणि आजूबाजूच्या बेटांवरचे बहुसंख्य लोक स्थानिक समाजाच्या मालकीच्या जमिनीवर राहतात. स्टोर्नोवेच्या विश्वस्त मंडळाला १९२३ पासून शंभर वर्षे पुरी झाली. लिव्हरविलचे पुन्हा लुसांगा झाले. पोर्ट सनलाइटची घरे देखणी आहेत, लांबून लोक ती पाहायला येतात. लिव्हरच्या हातून झालेल्या कामांत सर्वांत टिकाऊ ठरली ती दोन : एक, जे त्याने कायद्याने मागितले ते, आणि दुसरे, जे लोकांनी त्याला नाकारून आपल्या अटीवर घेतले ते. बाकीच्यासाठी तिकीट काढून आत जावे लागते.

आपल्या वस्त्यांतही अधूनमधून कुणीतरी भला माणूस येतो. शाळेला रंग देतो, पोरांना दप्तरे वाटतो, फोटो काढतो. दप्तर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण दप्तर घेताना गावच्या गायरानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला विसरू नये.